फौजेत जायचं मनात कधी आलं? ठाणे-नवी मुंबईकरांनो, लिहा

रानजाई

नमस्कार मंडळी,

पोखरण रोडवरच्या आमच्या सोसायटीत दर २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर एका माजी सैनिकाचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, मग चहा-वडापाव. यंदा ज्यांचा सत्कार ठरला होता ते हवालदारकाका स्वतःच कमिटीच्या मीटिंगला येऊन बसले. म्हणाले, "शाली घरात आहेत पुष्कळ. मला पोरांबरोबर तासभर बसू द्या. त्यांना काय विचारायचं ते विचारू देत." त्यावर दोन तट पडले. काहींना वाटलं की सत्कार नाही म्हणजे मान नाही. मला काकांचं म्हणणं फार पटलं, आणि त्याला कारण आहे.

माझी भाची नववीत आहे. एनडीएला, म्हणजे खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीत, जायचं म्हणते. घरात फौजेतलं कोणी नाही. आजोबा कारखान्यात, भावजी बँकेत. हे तुझ्या डोक्यात कुठून आलं, असं विचारलं तर तिने ना कुठला सिनेमा सांगितला, ना शाळेतलं भाषण. खालच्या मजल्यावरच्या दादाचं नाव घेतलं. ट्रेनिंग संपवून तो पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा ही दुसरीत होती. रिक्षातून त्याची काळी पत्र्याची ट्रंक उतरली. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, हुद्दा, नाव, युनिट लिहिलेलं. सगळी पोरं भोवती जमली. त्याने ती ट्रंक पोरांनाच उचलायला लावली. चौघांनी चार कोपरे धरले, बाकीच्यांनी "लेफ्ट-राइट" म्हणायचं. वर पोचल्यावर त्याने एकेकाला ताठ उभं करून सॅल्यूट ठोकला. ही सगळ्यात लहान, तिला पण. "मावशी, मला तोपर्यंत कुणी सॅल्यूट केला नव्हता," म्हणाली.

मला वाटतं, मूल फौजेकडे वळतं ते जवळून पाहिलेल्या एखाद्या माणसामुळे. तसं असेल तर सैनिकांचा मान राखणं आणि मुलांना त्यांच्याजवळ बसू देणं ही एकच गोष्ट झाली. तुमचा अनुभव काय? जे सेवेत होते, ज्यांच्या घरातलं कोणी गेलं, जे आता तयारी करताहेत, त्या सगळ्यांनी लिहा. हा धागा मी भाचीलाही वाचायला देणार आहे.

---

निवृत्त_सुभेदार

ताई, तुमच्या हवालदारसाहेबांना माझा रामराम सांगा.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, आता कळव्यात राहतो. मराठा लाइट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून निवृत्त. आमच्या भागात मिलिटरी अपशिंगे म्हणून गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्याचा स्तंभ गावात उभा आहे. तिकडं घरटी एक माणूस फौजेत असतो, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. आमचं गाव तेवढं नावाजलेलं नव्हतं, पण रीत तीच.

वडील जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठात होते. त्यांच्या पत्रावर पत्ता असायचा "मार्फत ५६ एपीओ", कधी "९९ एपीओ". मी शाळेच्या नकाशात हे गाव लय शोधलं. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "जिथं तुझा बाप आहे तिथं ते गाव आहे." फौजेचं टपाल असंच चालतं, पलटण कुठंही असो, पत्ता तोच. पण मला ते तेव्हा कसं कळणार? माझ्यासाठी ते बापाचं गाव होतं आणि मला तिथं जायचं होतं.

डिसेंबर १९७१ मध्ये पत्रं थांबली. पलटण पूर्वेला होती, जमालपूरच्या लढाईत. आम्हाला फक्त रेडिओ. आई बातम्या लागल्या की चुलीपुढनं उठून दारात येऊन उभी राहायची, बसायची नाही. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली, गावात गुलाल उधळला, आईनं मात्र गुलाल लावून घेतला नाही. वडलांचं पत्र जानेवारीत आलं. मग लावला.

पुढं चौथीत गेल्यावर गल्लीतल्या बायकांची पत्रं मी वाचून दाखवायचो. कुणाचा नवरा लडाखला, कुणाचा दीर आसामला. त्यात लढाईचं कधी काही नसायचं. म्हशीला काय झालं, थोरल्याला शाळेत घातलं का, विहिरीचं काम कुठवर आलं. ते वाचून मला कळलं की फौजी म्हणजे घराची काळजी लांबनं करणारा माणूस. सतरा-अठराचा झालो तसा बेळगाव सेंटरला उभा राहिलो. खरं सांगायचं तर पगारही पाहिजे होता. आधी पोटासाठी गेलो. कसम परेडला तिरंग्यापुढं शपथ घेतली त्या दिवशी वडील मैदानाच्या कडेला उभे होते. तिथनं पुढं फौज माझी झाली.

---

पारसिक

सुभेदारसाहेब, सलाम. पण "आधी पोटासाठी गेलो" या तुमच्याच वाक्याला धरून थोडं वेगळं लिहितो. रानजाई, राग मानू नका.

"प्रेरणा कुठून मिळाली" हा प्रश्न विचारायला ज्याच्यापुढे दहा वाटा आहेत त्याला ठीक आहे. मी दिव्याच्या चाळीत वाढलो. आमच्या गल्लीतून जे तिघे फौजेत गेले त्यांना कुणी सॅल्यूट केला नव्हता. एकाचे वडील वारले होते, एकाला बारावीत पन्नास टक्के होते, तिसऱ्याला लोकलने दादरला जाऊन दुकानात उभं राहायचं नव्हतं. भरती निघाली, धावले, लागले. आज तिघांची घरं उभी आहेत. त्यातला एक सियाचीनला राहून आला.

मोठ्या सोसायट्यांमध्ये फौजेबद्दल फार गहिवरून बोलतात. २६ जुलैला कारगिलचे फॉरवर्ड. पण त्याच घरातला मुलगा जेव्हा "मी फौजेत जातो" म्हणतो तेव्हा आईवडील आधी इंजिनीअरिंगची सीट घे म्हणतात. आणि आता अग्निवीर. १४ जून २०२२ ला योजना जाहीर झाली. चार वर्षं सेवा, मग तुकडीतल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना कायम करणार. बाकीचे साधारण ११.७१ लाखांचा सेवा निधी घेऊन बाहेर, पेन्शन नाही. बाविसाव्या वर्षी परत आलेल्या त्या मुलाला काम कोण देणार, हा विचार झेंडावंदनाला आलेल्या प्रत्येकाने करायला हवा. सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून उभं केलं म्हणजे मान राखला असं होत नाही.

---

रानजाई

पारसिक, राग कशाला? तुम्ही लिहिलंत ते हवंच होतं. गरजेपोटी गेलेल्याची सेवा तेवढीच मोठी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तुमच्या गल्लीतले तिघे गेले, एकामागून एक गेले असणार ना? पहिला लागला नसता तर दुसऱ्याला ही वाट दिसली असती का?

---

पारसिक

एकामागून एकच गेले. पहिला सुट्टीवर यायचा तेव्हा दुसऱ्या दोघांना पहाटे खाडीच्या बाजूला धावायला न्यायचा. हे मात्र खरं.

---

धावपट्टी

मी या धाग्यातला बहुतेक सगळ्यात लहान. घणसोलीत राहतो, वय १९, अग्निवीर जीडीची (जनरल ड्युटी, म्हणजे साध्या जवानाची भरती) तयारी चालू आहे. लेखी पास झालोय.

माझे वडील वाशीच्या एपीएमसीत माथाडी आहेत. आमच्याकडे निम्मी वस्ती साताऱ्याची. मे महिन्यात आणि जत्रेला गावी जायचं, बाकी वर्षभर इथे. गावच्या जत्रेत सुट्टीवर आलेल्या जवानांना पालखीला पहिला खांदा देतात, ते लहानपणापासून बघत आलो. पण माझं ठरलं ते वेगळ्याच दिवशी.

नोव्हेंबर २०१५. मी चौथीत, दिवाळीच्या सुट्टीत गावी होतो. कुपवाड्यात कर्नल संतोष महाडिक शहीद झाले. ते साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे, साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी. काका मला गाडीवर पुढे बसवून अंत्यदर्शनाला घेऊन गेला. एवढी माणसं मी जत्रेतही बघितली नव्हती, आणि एवढी माणसं असून गडबड नव्हती. आजूबाजूची म्हातारी माणसं पायातली चप्पल काढून उभी होती, ते मला आठवतं. बंदुकांची सलामी झाली तेव्हा मी काकाच्या शर्टाला धरून होतो.

घरी आल्यावर आई काकावर खूप चिडली. एवढ्या लहान पोराला तिकडे कशाला नेलं म्हणून. मी रात्री झोपलो नाही हेही खरं आहे. पण घाबरलो नव्हतो. हे साहेब कोण होते, कुठे होते, काय करत होते, असं विचारत सुटलो होतो. मग २०१७ मध्ये बातमी आली की त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतून लेफ्टनंट झाल्या. दोन मुलांची आई. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत राहिली. नंतर मी फौजेचं नाव काढलं तर ती चिडायची नाही, गप्प बसायची. आता पहाटे साडेचारला माझ्या आधी उठते आणि भिजवलेले हरभरे काढून ठेवते.

पारसिकदादा, नोकरी मला पण पाहिजे. वडलांच्या पाठीचं दुखणं वाढलंय, अजून किती वर्षं पोती उचलणार? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात ना?

एक मदत हवी होती. १.६ किमी साडेपाच मिनिटांत आली तर ६० पैकी ६० मिळतात. माझी ५:४० ला अडकते, म्हणजे ४८. बीम (दांड्याला लटकून अंग वर खेचणं) दहा मारले की ४०, तिथे माझे सातच लागतात. एका भरती अकॅडमीने फी घेऊन तीन महिन्यांत करून देतो सांगितलं आणि रोज नुसतं पळवलं, गुडघा सुजला. ते सोडलं. आता एकटाच करतोय. कुणी सांगेल का?

---

नीलमोहर

धावपट्टी, तुझी पोस्ट वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुझ्या आईला नमस्कार सांग.

मी नेरुळची. बाबा नौदलात खलाशी म्हणून लागले, चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. आम्हा दोघा भावंडांपैकी धाकटा भाऊ नौदलात गेला, मी शिक्षिका झाले. एकाच घरात, एकाच बापाकडे बघून दोघं दोन वाटांना गेलो, म्हणून रानजाईच्या प्रश्नावर मी बराच विचार केला.

भावाचं ठरलं विक्रांतवर. जुनी आयएनएस विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१२ पर्यंत लोकांना बघायला मिळायची. ठाणे-नवी मुंबईतल्या माझ्या वयाच्या कितीतरी जणांची शाळेची सहल तिथे गेली असेल. आम्ही बाबांबरोबर गेलो होतो. भाऊ सात वर्षांचा. तो विमानं बघेल असं वाटलं होतं, तर तो इंजिनरूमच्या तोंडाशी उभा राहून बाबांना विचारत होता, "तुम्ही इथे खाली असायचात? आणि समुद्र कुठे दिसायचा?" बाबा म्हणाले, "दिसायचा नाही. चार-चार तासांची वॉच असायची, वर आलो तर दिसायचा." भावाने तिथल्या रेलिंगला हात लावून पाहिला. मग घरी आल्यावर बाबांच्या हाताचे तळवे उलटसुलट करून पाहत बसला. पुढे तो इंजिनाच्याच शाखेत गेला, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर शिकला.

मी काय पाहिलं? मी आईला पाहिलं. बाबा जहाजावर असताना माझ्या भावाला डेंग्यू झाला, तेव्हा तिने नेरुळहून कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलपर्यंत त्याला टॅक्सीतून एकटीने नेलं. गॅस, बँक, शाळा, सासूबाईंचं आजारपण, सगळं तिच्यावर. बाबा सुट्टीवर यायचे तेव्हा पहिले चार दिवस घरात पाहुण्यासारखे असायचे. कुठली वस्तू कुठे आहे ते त्यांना विचारावं लागायचं, आणि ते त्यांना लागायचं. सत्कार करणाऱ्यांनी त्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनाही दोन शब्द विचारावेत असं मला फार वाटतं. माझ्या आईला तिच्या वयाच्या साठीपर्यंत कुणी विचारलं नाही, की तुम्ही ती वर्षं कशी काढलीत.

ज्यांना मुलांना जहाज दाखवायचंय त्यांच्यासाठी: विक्रांत आता नाही. पण कल्याणला दुर्गाडी किल्ल्यापाशी नौदलाची निवृत्त झालेली टी-८० ही वेगवान युद्धनौका २०२४ मध्ये आणून ठेवली आहे. ठाण्याहून लोकलने अर्धा तास. शिवाजी महाराजांनी जिथे आरमाराची सुरुवात केली त्या खाडीच्या काठावर ती उभी आहे, मुलांना तेही सांगा.

---

गवतफुला

आमचं गाव महाडकडे. गणपतीला ठाण्याहून एसटीने निघालो की बाबा माणगावला आम्हाला उठवायचे. कितीही झोपेत असलो तरी. "उठा, घाडगे आले." नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश काळातलं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालेले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

बाबा दरवर्षी तीच गोष्ट सांगायचे आणि आम्ही दरवर्षी ऐकायचो. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात घाडग्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, सगळे पडले, हे एकटे उरले. एकट्याने त्या ठाण्यावर धाव घेतली, ग्रेनेड टाकला, टॉमीगन चालवली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग दुसरीकडून नेम धरून बसलेल्यांच्या गोळ्या लागल्या आणि ते गेले. वय २२.

माझा चुलतभाऊ त्याच बसमध्ये शेजारी बसायचा. तो एकदा म्हणाला, "पळसगाव आपल्या गावासारखंच असणार ना?" तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आज तो मेजर आहे. आपल्यासारख्याच गावातला, आपल्यासारखंच मराठी बोलणारा माणूस इटलीपर्यंत गेला, एवढं त्याला पुरलं. बाबा स्वतः पोस्टात क्लार्क होते.

रानजाई, तुमचं "जवळून पाहिलेला माणूस" हे मला पटतं, पण तो माणूस जिवंतच असायला हवा असं नाही. गोष्ट सांगणारा मात्र जवळचा लागतो.

---

कोलशेत_जुने

मी जन्मापासून कोलशेतचा. आज तिथे टॉवर आहेत, तेव्हा भातखाचरं होती, आणि एअर फोर्सचं स्टेशन. शाळेत आमच्या वर्गात कॅम्पमधली मुलं असायची. कोणी पंजाबचा, कोणी केरळचा. वर्षाच्या मध्येच यायची आणि मध्येच बदली होऊन जायची. त्यातला एक माझ्या बाकावर बसायचा. त्याचे बूट इतके चकचकीत असायचे की खिडकी त्यात दिसायची. त्यानेच मला शिकवलं. आधी ब्रशने माती काढायची, पॉलिश बोटाला गुंडाळलेल्या सुती फडक्यावर अगदी थोडं घ्यायचं, बुटाच्या टोकावर बारीक गोल फिरवायचं, एखादा थेंब पाणी, परत गोल. घाई केली की पांढरट डाग राहतो. त्याचे वडील त्याला दर रविवारी हे बसवून करायला लावायचे. सहावीत तो जोधपूरला गेला, परत भेट नाही. मी बेळगावजवळ सांबऱ्याला एअरमन म्हणून ट्रेनिंगला गेलो तेव्हा पहिल्या आठवड्यात उस्तादने माझे बूट वर धरून सगळ्यांना दाखवले. वीस वर्षं सेवा करून सार्जंट म्हणून बाहेर पडलो, आता बँकेत आहे.

दर रविवारी काही मुलांना मी वाट दाखवायचं काम करतो. धाग्यात जी मुलं आहेत त्यांच्यासाठी कामाचं लिहितो, कारण मनात असून माहिती नसल्याने वेळ निघून गेलेली मुलं मी फार बघितली आहेत.

रानजाईताईंच्या भाचीसाठी: सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीए मुलींना खुली झाली. पहिली तुकडी २०२२ मध्ये खडकवासल्याला दाखल झाली आणि त्यातल्या १७ जणी ३० मे २०२५ ला पास आउट झाल्या. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६००, आणि नंतर एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवडायच्या चाचण्या आणि मुलाखतीचे, ९००. हवाई दल किंवा नौदल हवं असेल तर अकरावी-बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स घ्यावंच लागेल, आर्मीला कुठलीही शाखा चालते. म्हणून दहावीनंतरचा निर्णय आत्ताच बोलून ठेवा. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय, १९७७ पासून आहे. मुलींसाठी आता नाशिकला तशीच सुरू झाली आहे. दहावीच्या वर्षी त्यांच्या प्रवेशाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

एसएसबी पाच दिवसांची. तिथे लहानपणाबद्दल हमखास विचारतात. पाठ केलेली देशभक्ती तिथे चालत नाही. त्या ट्रंकेची गोष्ट तिने जशी तुम्हाला सांगितली तशीच सांगावी.

कॉलेजला गेलं की एनसीसी घ्या. 'सी' सर्टिफिकेट चांगल्या ग्रेडने आणि पदवीला ५० टक्के असतील तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला बोलावतात.

---

उत्तरा

कोलशेत दादा, खारघरहून लिहितेय. मुलगा पाचवीत, एकुलता एक. आमच्या वरच्या मजल्यावर सीआरपीएफचे एक इन्स्पेक्टर राहतात, त्यांच्यामागे सतत असतो. सैनिक स्कूलला घाला म्हणतो. मिस्टर तयार आहेत. मी नाही. दहा वर्षांचं पोर वसतिगृहात ठेवायचं, आणि पुढे काय होईल ते आपल्या हातात नाही. बातम्या बघितल्या की पोटात गोळा येतो. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे २०१८ मध्ये काश्मीरात गुरेझला शहीद झाले तेव्हा मी माहेरी मीरा रोडलाच होते. रस्त्यावर उभी राहून रडले होते. त्यांच्या पत्नी कनिका राणे २०२० मध्ये लष्करात अधिकारी झाल्या हेही वाचलं. एवढं बळ माझ्यात नाही. हे इथे लिहिताना मला अपराधी वाटतंय.

---

निवृत्त_सुभेदार

उत्तराताई, अपराधी कशापायी वाटून घेता? माझ्या आईनं मला बेळगावला पाठवताना तीन दिवस जेवण सोडलं होतं. ती सैनिकाची बायको होती तरी. भीती वाटणं हे आईचं कामच आहे.

पोरगं दहा वर्षांचं आहे. आज सैनिक स्कूल म्हणतंय, उद्या क्रिकेट म्हणेल. त्याला नाही म्हणू नका आणि ढकलूही नका. सैनिक स्कूलला गेलेलं प्रत्येक पोर फौजेत जातं असंबी नाही. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ चं, देशातलं पहिलं. तिथली किती पोरं डॉक्टर, कलेक्टर झाली. शिस्त लागते, अंग बनतं, ते कुठं वाया जात नाही.

---

कोलशेत_जुने

सुभेदारसाहेबांशी सहमत. फक्त वयाचं लक्षात ठेवा. सहावीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ मार्चला मूल १० ते १२ मध्ये असावं लागतं. ३०० गुणांचा पेपर, त्यात १५० नुसते गणिताचे. ही वेळ गेली तर नववीला आणखी एक संधी असते, १३ ते १५ वयात. तोपर्यंत तुमचंही मन तयार होईल आणि त्याचंही कळेल. माझं मत विचाराल तर नववीची वाट बघा. २०२१ पासून मुलींनाही सैनिक स्कूलमध्ये प्रवेश आहे, हे ज्यांना मुली आहेत त्यांच्यासाठी.

---

उत्तरा

नववीला पण घेतात हे माहीत नव्हतं. मनावरचं ओझं उतरलं. आता त्याच्याशी शांतपणे बोलता येईल.

---

रानजाई

मंडळी, २६ जानेवारी पार पडली. काय झालं ते लिहिते.

शेवटी कमिटीने दोन्ही केलं, शाल दिली आणि क्लबहाउस तासभर दिलं. तासाचे दोन झाले. सत्तावीस-अठ्ठावीस मुलं खाली सतरंजीवर, काकाही त्यांच्यात खालीच बसले. नीलमोहर, तुमची पोस्ट मी कमिटीच्या ग्रुपवर टाकली होती, त्यामुळे काकूंनाही शेजारी बसवलं.

मुलांनी आपल्याला सुचणार नाहीत असे प्रश्न विचारले. बर्फात शू कशी करायची? कुत्रे पण जवान असतात का? तुम्ही कुणाला मारलंय का? हा शेवटचा प्रश्न आला तेव्हा मागे उभे असलेले आईबाप चुळबुळले. काका म्हणाले, "ते मी माझ्या घरीसुद्धा सांगितलेलं नाही, बाळा. पण माझ्या शेजारी कोण होते ते सांगतो." आणि त्यांनी त्यांच्या सेक्शनमधल्या एकेकाचं नाव घेतलं. कोण कुठल्या गावचा, कोण काय गायचा, कुणाला भात आवडायचा नाही. दोन नावं सांगताना थांबले. ते दोघे परत आले नव्हते. मुलांना न सांगता कळलं.

काकूंना माझ्या भाचीने विचारलं, "तुम्हाला त्यांचा राग यायचा का?" काकू म्हणाल्या, "यायचा की. पत्रात लिहायची नाही, एवढंच."

पारसिक, तुमचा मुद्दाही मांडला. आमच्याकडे चार-पाच जण स्वतःचे कारखाने, कंपन्या चालवणारे आहेत. अग्निवीर म्हणून चार वर्षं काढून आलेल्या मुलांना कामावर घ्यायचं, गेटवर नव्हे, त्यांच्या कौशल्याच्या कामावर, असं दोघांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. मी त्यांच्या मागे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट काकांनी सांगितली, जी आपण कुणीही करू शकतो. पेन्शन आता स्पर्श या ऑनलाइन प्रणालीवर आली आहे, दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. वयस्कर माजी सैनिकांना आणि विशेषतः एकट्या राहणाऱ्या वीरपत्नींना मोबाइलवर ते जमत नाही, ओटीपी चुकतात, पेन्शन अडकते. आमच्या सोसायटीतल्या कॉलेजच्या मुलांनी हे काम अंगावर घेतलंय. पोखरण, वर्तकनगर, उपवन भागात कुणी असेल तर इथे लिहा, मुलं घरी येतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही अशा कामांसाठी मदत मिळते, तिथेही मुलं जाऊन भेटणार आहेत. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी त्यांच्याकडेच द्यायचं ठरलंय.

---

पारसिक

रानजाई, हे चांगलं झालं. दिवा आणि मुंब्रा भागात दाखल्याच्या कामाला मी आणि माझे दोन मित्र येऊ. त्यातला एक म्हणजे मी लिहिलेल्या तिघांपैकी पहिला, आता निवृत्त होऊन घरी आहे. त्याला धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, धावपट्टीला विचार, बीमला पकड कशी घेतो?

---

धावपट्टी

दादा, पकड उलटी घेतो, तळवे माझ्याकडे. तसेच सात येतात. सुलटे पाचच.

---

निवृत्त_सुभेदार

मग तिथंच गडबड आहे पोरा. भरतीला तळवे बाहेर, हात पूर्ण सरळ, हनुवटी दांड्याच्या वर. अंग झुलवलं की धरत नाहीत. आजपासनं उलटे बंद. सुलटे पाच येतात तर तीन-तीनचे पाच सेट मार, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. एक दिवस आड. शेवटच्या सेटला स्टूल लावून वर जा आणि सावकाश खाली ये, पाच आकडे मोजत.

पळायचं रोज १.६ किमी नाही. गुडघा सुजलाय तर आधी डॉक्टरला दाखव, आठ दिवस नुसतं चाल. मग आठवड्यातनं दोनदा ४०० मीटरचे चार राउंड, एकेक ८० सेकंदात, मध्ये तीन मिनिटं चालणं. एक दिवस लांब, आरामात, पाच-सहा किलोमीटर. डांबरावर नको, मातीत पळ. ४०० चा हिशोब बसला की साडेपाच मिनिटं आपोआप येतील. रविवारी पहाटे मी खारेगावच्या मैदानावर असतो. पहिल्या लोकलनं कळव्याला ये. घड्याळ मी आणतो.